अण्णांच्या कॅसेटी आणि अठरा डीव्हीडी

जुलैत माझी बाहेरची हार्ड डिस्क गेली. जोडली की आतून टक-टक आवाज यायचा आणि लॅपटॉपवर काहीच उमटायचं नाही. अण्णांच्या भजनाच्या चाळीस कॅसेटी मी दोन वर्षं रात्री बसून संगणकावर उतरवल्या होत्या, त्या तिच्यावर होत्या. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. मूळ कॅसेटी सावंतवाडीच्या घरी आहेत, पण कोकणातल्या पावसाळ्यांनी कित्येक फितींवर पांढरी बुरशी चढली आहे. त्या पुन्हा वाजतील असं वाटत नाही. लॅपटॉपवर एक प्रत उरली होती. तेवढीच.

त्या रात्री ठरवलं की आता हे सगळं डीव्हीडीवर घ्यायचं. एकदा लिहिलेल्या डिस्कवर चुकून दुसरं काही लिहिलं जात नाही, व्हायरस तिला हात लावू शकत नाही, विजेच्या झटक्याने ती उडत नाही. शिवाय एक संच नाशिकला ताईकडे ठेवता येतो. ब्लू-रेच्या एका डिस्कवर २५ जीबी मावतात, दोन डिस्कमध्ये काम झालं असतं. पण ब्लू-रेचा ड्राइव्ह ना माझ्याकडे, ना ताईकडे. म्हणून डीव्हीडी.

फ्लॅक केलेली, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता आवळलेली गाणी आणि अण्णांच्या भजनी वह्यांचे स्कॅन मिळून ३८ जीबी भरत होते. पहिल्यांदा सगळे करतात तेच मी केलं: टार या आज्ञेने सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा बांधला, जीझिपने आवळला आणि स्प्लिटने त्याचे तुकडे पाडले. डिस्कवर लिहिण्याआधी थोड्या फाइलींवर प्रयोग केला आणि मधला एक तुकडा मुद्दाम बाजूला ठेवून गठ्ठा उघडायला घेतला. तिथपर्यंतच्या फाइली आल्या, पुढचं सगळं बंद. जीझिपचा प्रवाह सलग असतो, मध्ये तुटला की पुढचं वाचता येत नाही. म्हणजे तिसऱ्या डिस्कवर ओरखडा पडला तर चौथीपासूनच्या सगळ्या डिस्क धडधाकट असूनही वाया. वीस वर्षांसाठी ठेवायच्या वस्तूला ही पद्धत मला पटली नाही.

मग डार नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. नाव डिस्क आर्काइव्हचं आखूड रूप आहे आणि ते मुळातच तुकड्यांत विभागायच्या कामासाठी लिहिलेलं आहे. हे प्रत्येक फाइल वेगळी आवळते, त्यामुळे एका जागी बिघाड झाला तर तिथली फाइल जाते, बाकीच्या राहतात. कोणती फाइल कुठे आहे याची पूर्ण यादी गठ्ठ्याच्या शेवटी असते आणि ती सुटी काढून दुसरीकडेही ठेवता येते. आज्ञा टाइप करताना लहान एस या पर्यायापुढे तुकड्याचा आकार द्यायचा. लहान पी दिला की तुकडा पुरा झाल्यावर ते थांबतं. हे थांबणं माझ्या फार कामी आलं, कारण लॅपटॉपवर जेमतेम ११ जीबी मोकळे होते. पीपुढे दोनचा आकडा दिला की दर दोन तुकड्यांनी थांबतं; ते दोन्ही तुकडे डिस्कवर लिहायचे, तपासायचे, पुसायचे आणि एंटर दाबून पुढे जायचं.

पण आधी आकारातच अडकलो. माझ्या डिस्क डीव्हीडी प्लस आर प्रकारच्या, तिच्यावर ४,७००,३७२,९९२ बाइट मावतात. डार एम (मेगाबाइट) म्हणजे १०२४ गुणिले १०२४ बाइट धरतं. त्या हिशेबाने मी ४४०० एमचा तुकडा पाडला, म्हणजे ४,६१३,७३४,४०० बाइट. डिस्कवर मावायला काहीच हरकत नव्हती. तरीही आयसो प्रतिमा, म्हणजे डिस्कवर जशीच्या तशी लिहायची एकत्रित फाइल, बनवणारी आज्ञा तो तुकडा घेईना. संध्याकाळभर मी ड्राइव्हला, केबलला, डिस्कच्या पुडक्याला दोष देत बसलो. खरं कारण वेगळंच निघालं: आयसो ९६६० या डिस्कवर फाइली मांडायच्या ठरलेल्या पद्धतीच्या साध्या रचनेत एका फाइलला ४,२९४,९६७,२९५ बाइटची मर्यादा असते. डिस्क मोठी असली तरी तिच्यावरची एक फाइल त्याहून मोठी चालत नाही.

यातूनच मला आवडलेली मांडणी सुचली. प्रत्येकी २ जीचे (गिगाबाइटचे) दोन तुकडे एका डिस्कवर. त्यानंतर सुमारे ४० कोटी बाइट उरतात. त्या जागेत पार२ या सॉफ्टवेअरने केलेल्या दुरुस्तीच्या फाइली घातल्या, आठ टक्क्यांच्या. डिस्कवरचा तेवढा भाग वाचता आला नाही तरी उरलेल्यातून मूळ तुकडे परत उभे करता येतात. विश्वास बसेना म्हणून एका तुकड्याची प्रत घेतली आणि तिच्या मधोमध काही मेगाबाइट शून्य लिहून टाकले. पार२ ने खराब झालेले ब्लॉक मोजून दाखवले आणि वीसेक मिनिटांत फाइल दुरुस्त केली. डारकडून बनवून घेतलेल्या शा-५१२ च्या बेरजेशी, म्हणजे फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणाऱ्या तपासणीच्या आकड्याशी, ताडून पाहिली. अक्षर न अक्षर जुळलं. त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरलं.

पुढे काम सरळ होतं, फक्त वेळखाऊ. चार पट वेगाने एक डिस्क लिहायला चौदा मिनिटं. लिहून झाली की ट्रे बाहेर काढायचा, परत आत ढकलायचा आणि डिस्कवरूनच बेरीज तपासायची. न काढता तपासलं तर कधी कधी संगणक स्वतःच्या स्मृतीतलंच वाचून होकार देतो. अठरा तुकडे, नऊ डिस्क, दोन संच. प्रत्येक डिस्कवर डारची स्वतंत्र चालणारी आवृत्ती, सुटी यादी आणि काय करायचं ते मराठीत लिहिलेली एक साधी मजकूर फाइल; तेच कागदावरही संचासोबत. पेनने लिहिलं ते फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर. एक डिस्क तपासणीत नापास झाली, ती मोडून नवी लिहिली.

ताईचा संच घेऊन मी स्वतः नाशिकला गेलो. परत आल्यावर तिला फोन केला आणि म्हटलं, सत्ताविसावी कॅसेट काढून दाखव, मी मदत करणार नाही.

"अरे, मला जमेल का हे?"

"कागदावर लिहिलंय सगळं."

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली आहे, तिच्यावर डार चालतं. यादीत पाहिलं तर ती फाइल बाराव्या आणि तेराव्या तुकड्यात विभागलेली होती, म्हणजे सहावी आणि सातवी डिस्क. शिवाय डारला शेवटचा तुकडा लागतोच, म्हणून नववी. डिस्क बदलली की फोल्डरचं नाव बदलतं आणि डारला पुढचा तुकडा सापडत नाही. हे मी आधीच अनुभवलं होतं, म्हणून लागणारे तुकडे आधी एका जागी उतरवून घ्यायचे असं कागदावर ठळक लिहिलं होतं. तिने तसंच केलं. मधे दोनदा फोनवर ड्राइव्हची घरघर ऐकू आली. तिने आज्ञा मोठ्याने वाचत एकेक अक्षर टाइप केलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पलीकडून पेटीचा भाता ऐकू आला आणि रूपाच्या अभंगाआधी पखवाजवाल्याला सांगणारे अण्णा, "काळी दोन धरतोय रे, सांभाळ."

"थांब," ताई म्हणाली, "परत लावते."