तुम्ही विचारलंत म्हणून: पुढं कधी बसणार?

मी चेलो वाजवते म्हटलं की सांगली-मिरजेत पहिला प्रश्न येतो, "म्हणजे मोठं व्हायोलिन ना?" हो, त्याच घराण्यातलं. दुसरा प्रश्न मात्र मायेपोटी येतो, बहुधा आईच्या वयाच्या बायकांकडून: "इतकी वर्षं वाजवतेस, नेहमी कुणाच्या तरी मागंच. पुढं कधी बसणार गं?"

मागं बसणं हेच माझं काम आहे, आणि ते मी आवडीनं धरलंय.

जर्मन संगीतकार पाखेलबेलचा 'कॅनन' तुम्ही लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नक्की ऐकला असेल. त्यात तीन व्हायोलिनं एकामागून एक येत तीच सुरावट गुंफत जातात. चेलोला फक्त आठ स्वर. तेच आठ, त्याच क्रमानं, २८ वेळा. ते वेगळे कुणाच्या कानावर येत नाहीत, पण त्यातला एक जरी रेंगाळला तरी वरची तिन्ही व्हायोलिनं अडखळल्यासारखी वाटतात. अठ्ठाविसाव्या फेरीलाही गज पहिल्याइतकाच जिवंत ठेवणं अवघड आहे, माझ्या मते एखादी झगमगीत तान घेण्याहून अवघड.

मिरजकरांना हे मी काय सांगावं? सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच गावात. इथल्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावताना कधी बघा. घोडीवर तारेखालचा सुती धागा तो केसभर सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. एका जागी आला की बोथट आवाज एकदम खुलतो आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तोच स्वयंभू गंधार.

चेलोची सगळ्यांत जाड तार लागते ती नेमकी हार्मोनियमच्या पांढरी एकच्या (पाश्चात्त्य 'सी'च्या) खर्जाला. ती नीट वाजली की तिच्यातही हा गंधार असतो. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मेळात, मी तो खर्ज धरते, व्हायोलावाली (व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य) वर गंधार लावते. पियानोच्या सवयीनं लावला तर तो किंचित चढा पडतो. ती माझा सूर ऐकते, बोट जरासं मागं घेते आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात. तालमीत त्या क्षणासाठी आम्ही तासन् तास घालवतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल शतकापूर्वी श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांचं, मोजमाप करत होते, तेव्हा मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुराचा आधार त्यांनी घेतला होता. या मातीत सुराची एवढी बारीक कदर आहे, म्हणून तर मला इथं राहायचंय.

पोट कसं भरतं, हेही विचारता. शिकवण्या, मुंबईतली रेकॉर्डिंग, अधूनमधून ऑर्केस्ट्राचा सीझन. रेकॉर्डिंगचं बरंचसं काम कीबोर्डनं नेलं, याचं वाईट वाटतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं चेलो न्यायचा म्हणजे त्याच्या पेटीला बर्थ द्यायचा आणि आपण उरलेल्या जागेत पाय दुमडून बसायचं. उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत खुंट्या सैल पडतात, पावसाळ्यात मुंबईत त्याच फुगून अडकतात.

आणि एकटीनं? तेही वाजवते, रोज सकाळी, घरीच. जर्मन संगीतकार बाखचे सहा स्वीट (suite, म्हणजे छोट्या रचनांची मालिका) एकट्या चेलोसाठीच आहेत. पुढं थोर चेलोवादक झालेल्या पाब्लो कसाल्सना १८९० मध्ये बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांची प्रत सापडली तेव्हा ते १३ वर्षांचे होते. त्यानंतर लोकांसमोर ते वाजवायला त्यांनी आणखी १२ वर्षं घेतली. त्यामुळं मला घाई नाही. पहिल्या स्वीटची सुरुवात ऐका: साथीला दुसरं कुणी नसताना, पहिल्या चारही बारमध्ये (तालाच्या आवर्तनांत) बाख आधी खालची मोकळी तार वाजवायला लावतो, मगच वर जाऊ देतो.