चार नंबरचे आजोबा आणि ‘दे’

संध्याकाळी साडेसातला आमच्या वॉर्डात पाळी बदलते. जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला एकेका पेशंटची माहिती देते, त्याला हँडओव्हर म्हणतात. इंग्लंडमध्ये लीड्सला नर्स म्हणून येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. पाच नंबरच्या खाटेवरच्या गृहस्थांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलंय हे सांगून मी चार नंबरच्या आजोबांकडे वळले. ऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांच्याबद्दल एकेरी बोलायला जीभ रेटेना आणि तोंडातून निघून गेलं, ‘दे हॅव नॉट ईटन.’

समोरच्या नर्सचं पेन थांबलं. ‘बोथ ऑफ देम?’

पाच नंबरचे गृहस्थ इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले असते, तर रात्री त्यांची साखर उतरण्याची भीती होती. ते व्यवस्थित जेवले होते. तिनं विचारलं म्हणून घोळ तिथेच निस्तरला, पण घरी जाताना बसमध्ये माझे हात गार पडले होते.

एका आजोबांसाठीचं आदराचं ‘ते’ मी ‘दे’ केलं होतं, आणि तिनं ते दोघांबद्दल ऐकलं. चूक व्याकरणाची होती, पण ती आली होती माझ्या मराठीतून. आपण ‘जेवले नाहीत’ एवढंच म्हणतो, सर्वनाम गाळतो, तरी अडत नाही. क्रियापदच बरंच सांगून टाकतं. आली म्हटलं की बाई, आला म्हटलं की पुरुष. मी डोस दिला, गोळी दिली, इंजेक्शन दिलं; क्रियापद दिलेल्या वस्तूप्रमाणे फिरतं. इंग्रजीत या सगळ्याला एकच ‘गेव्ह’. कुणी दिलं, कुणाला दिलं, हा सगळा भार सर्वनामावर आणि शब्दांच्या क्रमावर. वर्तमानकाळात ‘ही ईट्स’मधला शेवटचा ‘स’ तेवढा उरलाय, आणि आपण भारतीय घाईत नेमका तोच खातो. आता मी हँडओव्हरमध्ये प्रत्येक वाक्यात खाटेचा नंबर आणि नाव घेते. सर्वनाम नंतर. नव्यानं येणाऱ्या मुलींनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

‘वुई’चं दुखणं याहून अवघड, असं माझं मत. आपल्याकडे आपण आणि आम्ही वेगळे आहेत. पेशंटच्या मुलीला ‘वुई विल डिसाइड टुमॉरो’ म्हटलं, तर त्यात ती आहे की नाही? एकदा एका मुलीनं ते ‘आपण’ असं ऐकलं, सकाळी सुट्टी काढून आली, आणि निर्णय डॉक्टरांच्या राउंडमध्ये आधीच झाला होता. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून मी ‘द डॉक्टर्स विल डिसाइड’ किंवा ‘यू अँड वुई टुगेदर’ असं फोडून सांगते. वाक्य लांबलं तर लांबू दे.

एका तरुण पेशंटनं फॉर्मवर आपल्यासाठी ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ हे सर्वनाम लिहिलं होतं. माणूस एक, मग क्रियापद कोणतं, यावर वॉर्डात दोघी अडखळल्या. मला मात्र ते पटकन जमलं. एका माणसाला अनेकवचन लावायची सवय आपल्याला लहानपणापासूनची : बाबा आले, सर आले. ‘दे आर’, ‘दे हॅव’. ‘दे इज’ नाही. हे काही आजचं खूळही नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत एकवचनी ‘दे’चा दाखला १३७५ सालचा दिला आहे.

‘यू’चीही तीच गोष्ट. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही, असं इंग्रजीत एके काळी होतं. मग आदराचं ‘यू’ सगळ्यांनाच लागू झालं आणि ‘तू’ मागे पडलं. अठराव्या शतकात एकट्या माणसाला ‘यू वॉज’ म्हणणारे पुष्कळ होते. १७६२ मध्ये इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला मोठी चूक ठरवलं. आज शाळेतल्या पोरालाही ‘यू आर’च म्हणतात, म्हणजे आपल्या हिशोबानं सगळ्यांना अहो-जाहो.

लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशरच्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र वेगळंच ऐकू येतं. चार नंबरचे आजोबा ‘आय वर रिअली पुअरली’ म्हणायचे, म्हणजे मी फार आजारी होतो. ‘वॉज’ त्यांच्या बोलण्यात नव्हतंच. ‘पास अस दॅट कप’ म्हणाले, तेव्हा आणखी कुणाला चहा हवाय म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. इथे ‘अस’ म्हणजे मलाच. ही त्यांची बोली आहे, चूक नव्हे. मी ती कधी दुरुस्त करणार नाही. पेशंटच्या कागदावर मात्र ‘ही वॉज’ लिहिते.

घरी जायच्या दिवशी आजोबांनी व्हीलचेअरमधून माझा हात धरला. ‘दाज् अ गुड लास,’ म्हणाले, म्हणजे तू चांगली पोर आहेस. त्यातला ‘दा’ म्हणजे तेच जुनं ‘दाऊ’. त्या रात्री सोलापूरला फोन लावला आणि आईला आधी हेच सांगितलं, की इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला तू म्हणालं.