हाइपची वही: चौथा रकाना भरून झाला, त्याचा हिशोब

वही नव्याने पाहणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. कथाप्रधान गेम जाहीर झाला की मी त्याच्या नावाने एक पान उघडतो. गेम हातात येईपर्यंत त्याच्याबद्दल जे कौतुक कानावर येईल ते टिपून ठेवतो, आणि क्रेडिट्स सरकून गेले की त्याच पानावर खाली माझं मत लिहितो. आजवर रकाने तीनच होते: कोण बोललं, काय बोललं, कधी बोललं. आता चौथा घातलाय: बोलणाऱ्याने तेव्हा गेम कुठपर्यंत पाहिला होता? जुनी पानं उलटून जमेल तिथे तो भरत आणलाय. खरं सांगायचं तर त्यानंतर पहिले तीन रकाने वाचावेसेच वाटत नाहीत.

शर्यतीच्या गेममध्ये गाडी वळणावर कशी धरते ते दहा मिनिटांत कळतं, आणि शेवटच्या शर्यतीतही ती साधारण तशीच धरते. कथेचं गणित वेगळं. पहिल्या तासात एखादं पात्र सहज बोलून गेलेल्या वाक्याला विसाव्या तासात किंमत येते किंवा येतच नाही. प्रीव्ह्यू मात्र जवळपास नेहमी सुरुवातीच्या काही तासांचे असतात. ‘कथा जबरदस्त आहे’ असं त्यात लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की मांडणी जबरदस्त आहे. पुढे गाठ सुटते की नुसतीच कापली जाते, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

सगळ्यात भरलेलं पान ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’चं आहे, तेव्हा तिथून सुरू करतो. (ज्यांनी अजून खेळला नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा. प्रस्तावनेपलीकडचं काही सांगत नाही, पण तरी.) जून २०२४ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा दिसला. फ्रान्समधल्या मॉंपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा हा पहिलाच गेम. ट्रेलरमधून दोन गोष्टी कळल्या: लढाई पाळीपाळीची असली तरी वार चुकवायला बोटं तयार ठेवावी लागतात, आणि कथेची कल्पना विलक्षण आहे. वर्षातून एकदा एक गूढ चित्रकर्ती जागी होते, तिच्या शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं विरून जातात. दर वर्षी आकडा एकने उतरतो. माझ्या वहीतल्या सुरुवातीच्या सगळ्या नोंदी या कल्पनेच्याच कौतुकाच्या आहेत, आणि चौथ्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: प्रस्तावना.

ती प्रस्तावना आहेच तशी. लढाई जेमतेम. नायक गुस्ताव आणि त्याची जुनी प्रेयसी सोफी गावातून बंदराकडे चालत जातात. वाटेत ओळखीची माणसं भेटतात, कुणी थट्टा करतं, कुणी नजर चुकवतं. ज्यांची वेळ भरली आहे त्यांच्या गळ्यात फुलांचे हार आहेत. आपल्या हातात फक्त चालणं. धावायचं बटण असूनही दाबवत नाही, आणि बंदर जवळ यायला लागलं की आपण उगाचच बाजूच्या बोळात वळून बघतो. मग तो आकडा रंगवला जातो आणि सोफी गुस्तावच्या हातातल्या हातात पाकळ्या होऊन जाते. हे पाहून आलेल्या माणसाने प्रीव्ह्यूमध्ये उत्साहाच्या भरात काय लिहावं हे उघडच आहे. पण एवढ्यावरून गेम पुढे काय करतो याचा अंदाज कुणालाही बांधता आला नसता. २४ एप्रिल २०२५ ला गेम आला, त्या वेळचे रिव्ह्यू मी नंतर वाचले, आणि आवडलं ते असं की पूर्ण खेळून आलेले लोक मधल्या वळणाबद्दल दात आवळून गप्प होते. ‘पुढे काहीतरी आहे, आम्ही सांगणार नाही’ एवढंच. डिसेंबर २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमसह नऊ पुरस्कार घेऊन गेल्यावर तर कौतुकाला मोजमापच राहिलं नाही, पण वहीच्या दृष्टीने ते सगळं उशिराचं.

पहिल्या तासातून काहीच कळत नाही असं मात्र म्हणणार नाही. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) घ्या. दारू पिऊन पडलेला पोलीस खोलीत शुद्धीवर येतो, छताच्या पंख्याला त्याचा टाय लटकून गरगरतोय. तो टाय ओढायला जावं आणि प्रकृतीचे गुण कमी घेतले असतील तर हृदय बंद पडून गेम तिथेच संपू शकतो. त्या एका खोलीत लेखकांची भाषा, विनोद, धीटपणा सगळं दिसतं. म्हणजे पहिला तास वाक्य कसं आहे ते सांगतो. कथानक टिकतं का, ते सांगत नाही. हा फरक कळल्यापासून प्रीव्ह्यू वाचताना मी संवादांबद्दलचं कौतुक खरं मानतो आणि ‘कथा’ या शब्दावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढतो.

‘बाल्डर्स गेट ३’चं पान या बाबतीत शिकवून जाणारं. ६ ऑक्टोबर २०२० पासून तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता, म्हणजे अपूर्ण असतानाच विकत मिळत होता, पण खेळायला मिळत होता फक्त पहिला अंक. जवळपास तीन वर्षं हजारो लोक तोच अंक पुन्हा पुन्हा खेळत होते, तक्रारी करत होते आणि गेम बनवणारं लॅरियन त्यावर हात फिरवत होतं. ३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण गेम आला आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ९६ गुण मिळाले. पहिला अंक घासूनपुसून लखलखीत, आणि तिसऱ्या अंकातल्या शहरात शिरलं की फ्रेम रेट गळपटायचा, सोबत्यांचे शेवट घाईत आटोपल्यासारखे वाटायचे. कार्लाक या सोबतिणीच्या शेवटावरून तर बरीच ओरड झाली. मग दुसऱ्या पॅचमध्ये तिच्या शेवटात भर पडली आणि नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये सगळ्यांना पुन्हा भेटवणारा उपसंहार आला. मला हा गेम अतोनात आवडतो, त्यात शंका नको. पण माझ्या वहीतलं आधीचं कौतुक जवळपास सगळं पहिल्या अंकाचं आहे, आणि त्यावर तीन वर्षांचा सराव झालेला होता.

‘सायबरपंक २०७७’च्या पानावर चौथा रकाना दोन भागांत चिरावा लागला: कुठपर्यंत, आणि कशावर. २०१२ मध्ये जाहीर झालेला गेम, २०१८ मध्ये दाखवलेली पाऊण तासाची खेळाची झलक, २०१९ मध्ये मंचावर खुद्द कियानू रीव्ह्ज. हवा इतकी की बोलायला नको. १० डिसेंबर २०२० च्या आधी जे रिव्ह्यू आले ते पीसीवरचे, कारण समीक्षकांना प्रत तीच मिळाली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही मनाई होती. पीसीवर मेटाक्रिटिकचे ८६, पीएस४ वर ५७, कारण तिथे गेम बिघाडांनी भरलेला. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, तो परत आला पुढच्या वर्षी जूनमध्ये. या सगळ्या गोंधळात कथेचं बोलणंच मागे पडलं. नायकाचा मित्र जॅकी याच्यासोबतचे सुरुवातीचे तास हे मी खेळलेल्या गेममधले सगळ्यात जिवंत तास आहेत, पण पात्र हवेत तरंगताना दिसत असेल तर संवाद कोण ऐकणार? सप्टेंबर २०२३ मधलं २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ हा जोडभाग आल्यावर लोक पुन्हा लेखनाबद्दल बोलू लागले. पान अजून पूर्ण झालेलं नाही. दुसऱ्यांदा खेळतोय, या खेपेला नायक व्ही भटक्यांच्या टोळीतला घेऊन, आणि जोडभागातल्या डॉगटाउनच्या वेशीवर पोचलोय.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ची गोष्ट नेमकी उलटी. समीक्षकांनी गेम पूर्ण खेळलेला होता, पण १२ जून २०२० ला उठलेल्या एम्बार्गोच्या (रिव्ह्यू छापण्यावरच्या बंदीच्या) अटींमुळे उत्तरार्धाबद्दल बोलायची सोय नव्हती. दुसरीकडे एप्रिलमध्येच कथेचे तुकडे फुटून इंटरनेटभर पसरले होते. म्हणजे ज्यांनी सगळं पाहिलं होतं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ज्यांनी फक्त फुटलेले तुकडे पाहिले होते ते तावातावाने बोलत होते. १९ जूनला गेम आला त्याच दिवशी वापरकर्त्यांच्या शून्य गुणांचा पाऊस पडला, गेम संपायला वीसेक तास लागतात हे माहीत असूनही. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने नवीन गेमला वापरकर्त्यांचे गुण ३६ तास उशिरा स्वीकारायला सुरुवात केली. मला तो निर्णय पटला. चौथ्या रकान्याचंच ते अधिकृत रूप आहे.

आता या रकान्याला न जुमानणारं एक पान. ‘मास इफेक्ट ३’, मार्च २०१२. समीक्षकांनी शेवटपर्यंत खेळून भरभरून कौतुक केलं आणि खेळाडू त्याच शेवटावर इतके संतापले की जूनमध्ये शेवट वाढवून दाखवणारा फुकट ‘एक्स्टेंडेड कट’ द्यावा लागला. अंतर दोघांचं सारखंच. फरक बहुधा वेगाचा आणि मनाचा. ठरल्या तारखेला मजकूर द्यायचा म्हणून रात्री जागून संपवणारा माणूस आणि पहिल्या भागापासून तोच नायक शेपर्ड, तेच निर्णय सांभाळत आलेला माणूस यांच्या दृष्टीने ती शेवटची दहा मिनिटं वेगळी असणारच. यासाठी पाचवा रकाना लागेल. त्याला काय नाव द्यावं ते सुचलं तर सांगा.

गुणांबद्दल फार लिहीत नाही. मेटाक्रिटिक सगळ्या समीक्षकांना सारखं वजन देत नाही आणि कुणाला किती ते उघड करत नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ करणाऱ्या ऑब्सिडियनचा बोनस ८५ गुणांवर ठरला होता आणि गेमला मिळाले ८४, ही हकीकत तुम्हाला माहीत असेलच. आज त्या गेमच्या लेखनाची उदाहरणं देतात.

रकाना भरायला काय वापरतो, असं काहींनी विचारलं होतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक रिव्ह्यूखाली तो लिहिताना खेळून किती तास झाले होते ते दिसतं, आणि किमान तासांची चाळणीही लावता येते. लांबलचक कथेच्या गेमला पहिल्या दिवशीचे दोन-तीन तासांचे रिव्ह्यू मी सरळ गाळतो. दुसरं साधन अचीव्हमेंट्सचं, म्हणजे ठरावीक टप्पा गाठल्यावर गेम देतो त्या बिल्ल्यांचं. प्रत्येक अध्यायाचं अचीव्हमेंट किती टक्के लोकांना मिळालं ते ओळीने बघा. उतार हळूहळू असेल तर ठीक, एखाद्या अध्यायाला कडा तुटल्यासारखे आकडे कोसळले तर तिथे लोक कंटाळलेत किंवा अडकलेत. रिव्ह्यूमध्ये ‘मध्यभाग रेंगाळतो’ असं एका ओळीत उरकलेलं असतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. फक्त स्पॉयलरपासून जपा, काही गेम अचीव्हमेंटच्या नावातच पात्राचा मृत्यू सांगून टाकतात. स्टीमची पैसे परत करण्याची सवलत (खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, खेळ दोन तासांहून कमी) गेम आपल्या मशीनवर नीट चालतो का एवढं तपासायला चांगली आहे. कथेसाठी तिचा उपयोग नाही. दोन तासांत तर ‘एक्सपिडिशन ३३’ची बोट जेमतेम किनाऱ्याला लागलेली असते.

सगळ्यात सुटसुटीत पान निघालं ‘डिस्पॅच’चं. २२ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, दर आठवड्याला दोन असे आठ भाग. कोण कुठपर्यंत आलंय हा प्रश्नच नाही, सगळे एकाच ओळीत. दोन भागांनंतर ‘विनोदी आहे, पुढे बघू’, सहांनंतर ‘आता हे नीट संपवा म्हणजे झालं’. कौतुक चढताना दिसलं. मालिकेसारखे भाग पाडायची ही जुनी पद्धत मेली म्हणणारे बरेच होते, त्यात मी नव्हतो हे नोंदवून ठेवतो.

आता येऊ घातलेली पानं.

‘द विचर ४’: डिसेंबर २०२४ चा नायिका सिरीचा ट्रेलर आणि जून २०२५ चं अनरियल इंजिनचं प्रात्यक्षिक. सिरीच्या घोड्याच्या कातडीखाली हलणारे स्नायू, गजबजलेला बाजार, सगळं साध्या पीएस५ वर. हे तंत्राचं प्रात्यक्षिक आहे, गेममधला खेळ नाही, असं गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच बजावलं होतं, तरी ‘काय गेम आहे!’ अशा नोंदी पानभर. चौथा रकाना: शून्य.

‘जीटीए ६’: दोन ट्रेलर (डिसेंबर २०२३ आणि मे २०२५), जेसन आणि लुसिया ही नायक-नायिका, आणि २०२५ वरून मे २०२६, तिथून १९ नोव्हेंबर २०२६ अशी सरकलेली तारीख. २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वाधिक प्रतीक्षित गेमचा पुरस्कार यालाच. कुणीही न खेळलेल्या गेमला पुरस्कार म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. दुसऱ्या ट्रेलरमध्ये त्या दोघांचे मोजके संवाद आहेत, तेवढेच टिपलेत. लेखनाबद्दल त्यातून एकच अंदाज: दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा टोमणे कमी आणि थकवा जास्त आहे, जो या मालिकेत नवा वाटतो. बघू.

‘एल्डर स्क्रोल्स ६’: जून २०१८ ची ती डोंगरांची झलक. पान आहे, कोरं आहे.

पुढच्या नोंदीपर्यंत ‘फँटम लिबर्टी’चा दुसरा शेवट बघून त्या पानाला गाठ मारायची आहे. ‘विचर ४’चा पुढचा ट्रेलर आला तर बघणार नाही. कुणी बघितलात तर त्यात सलग एक मिनिटाचा न कापलेला संवाद आहे का, एवढंच कळवा.