डावा हातमोजा

दिवाळी अंकाची मुद्रितं टेबलावर असताना रशियन कवयित्री ॲना अख्मातोवाच्या एका कवितेचा अनुवाद तपासायला आला. कविता ‘अखेरच्या भेटीचं गाणं’, अनुवाद इंग्रजीवरून केलेला. खाली टीप होती : ‘पतीला गोळ्या घातल्यानंतरच्या दुःखातून.’

कविता १९११ची. तिचा पती निकोलाय गुमिल्योव्ह याला गोळ्या घातल्या त्या ऑगस्ट १९२१मध्ये, आणि त्याआधी १९१८मध्येच दोघांचा घटस्फोट झाला होता. टीप काटली. अख्मातोवाच्या बाबतीत हे नेहमी होतं : पुढे सोव्हिएत राजवटीत तिच्या वाट्याला आलेलं सगळं माहीत असल्यामुळे आपण आधीच्या प्रेमकवितांतही तुरुंग शोधतो. १९१०मध्ये लग्न झालं, त्याच शरद ऋतूत नवरा ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) गेला. पहिल्या संग्रहातल्या बऱ्याच कविता या एकटेपणातल्या. १९१२मध्ये त्या संग्रहाच्या फक्त ३०० प्रती निघाल्या. आयुष्य कवितेत आलंय ते एवढ्या वाटेनं.

मग मजकूर. अनुवाद असा : ‘डाव्या हाताचा हातमोजा मी चुकून उजव्या हातात घातला.’ रशियनमध्ये ‘चुकून’ नाही. प्रतीकवाद्यांच्या धूसर, गूढ भाषेला कंटाळलेल्या अ‍ॅक्मेइस्ट कवींपैकी ती एक. भावनेचं नाव घ्यायचं नाही, वस्तू दाखवायची. छातीत गारठा भरलाय, पावलं मात्र हलकी. आणि हात चुकतो. मूळ कडव्यात ओळींची अक्षरं १०, ९, १०, आणि हातमोज्याच्या ओळीत फक्त ७. ओळच अडखळते. अनुवादात नेमकी तीच सगळ्यांत लांब झाली होती.

खरी अडचण क्रियापदाची होती. रशियन भूतकाळात ‘मी घातला’ म्हणताच बोलणारी बाई आहे हे कळतं. मराठीत क्रियापद हातमोज्यामागे जातं, बाई गायब. ‘पायऱ्या तीनच, हे मला माहीत होतं’ इथेही तेच. इंग्रजीत तर क्रियापदाला लिंग मुळातच नाही, त्यामुळे अनुवादकाला ही गळती दिसणार कशी? दुपार यातच गेली. शेवटी असं केलं :

उजव्या हातात घालून बसले
डावा हातमोजा

‘बसले’मुळे बाई परत आली, आणि ‘करून बसले’मधली हळहळ आयती मिळाली, ‘चुकून’ची गरजच उरली नाही. दुसरीकडे ‘मी जाणून होते’. तिसऱ्या ठिकाणी ती अंधाऱ्या घराकडे बघते, तिथे ‘पाहिलं’ तसंच ठेवलं. ‘पाहत राहिले’ केलं असतं तर बाई दिसली असती, पण ती तिथे रेंगाळत नाही, नुसती नजर टाकते.

टीप मात्र नवी लिहून घेतली, कारण काळानं या कवितांचं काय केलं हे वाचकाला कळायला हवं. १९४६मध्ये सोव्हिएत पक्षनेता झ्दानोव्हनं तिला ‘अर्धी जोगीण, अर्धी वेश्या’ ठरवलं आणि तिला लेखक संघातून काढण्यात आलं. ही जोडी मुळात समीक्षक आयखेनबाऊमच्या १९२३च्या पुस्तकातली. तिथे ती काव्यनायिकेविषयी होती. झ्दानोव्हनं ती प्रत्यक्ष अख्मातोवावर चिकटवली. तिच्या प्रेमकविता हाच पुरावा.

शेवटची दुरुस्ती मेणबत्त्यांची. शेजघरातला उजेड अनुवादात ‘मंद पिवळा’ होता. मूळ विशेषण जोडशब्द आहे : ‘बेफिकीर-पिवळा’. मंद म्हटलं की मेणबत्तीला तिची कीव आल्यासारखी वाटते.