नाशिक-सापुतारा, एम२ आणि केमन: वणीच्या पुढे जपून

"रस्ता मक्खन आहे, बिनधास्त जा" असं ज्याने सांगितलं तो फॉर्च्युनर चालवतो, त्याला काय कळणार डोंबल. माझी बीएमडब्ल्यू एम२ (मॅन्युअल) आणि मित्राची पोर्शे ७१८ केमन, अशा दोन गाड्या घेऊन गेलो होतो.

दिंडोरी, वणीपर्यंत द्राक्षांचे ट्रॅक्टर सोडले तर सांगण्यासारखं काही नाही. वणीच्या पुढे मात्र बिनरंगाचे स्पीडब्रेकर, झाडाच्या सावलीत तर दिसतच नाहीत. केमनचं नाक इतकं खाली आहे की मित्र दरवेळी गाडी तिरकी घालत होता, आधी एक चाक मग दुसरं, मागे जीपवाला हॉर्नवर हॉर्न. समोरून एसटी आली की तिरकी घालायला जागाच उरत नाही, सरळ थांबायचं, लाजायचं नाही. आणि नाक लिफ्ट करायची सोय असलेली गाडी घेत असाल तर त्या पैशाला नाही म्हणू नका, साउंड सिस्टीम नंतर बघा.

माझी एम२ स्पीडब्रेकरवरून निघाली पण पुढे धारदार काठाच्या एका खड्ड्यात मागचा डावा टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फाटला. टायर २८५/३० आर२०, म्हणजे रबराची भिंत जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, वाचणार कसा. स्टेपनी नाही, डिकीत पंक्चर बुजवायच्या सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर, साइडवॉल गेल्यावर त्याचा उपयोग शून्य.

मग फ्लॅटबेडवाला, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. फोनवर सहा हजार. आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणे अठरा. उन्हात दोन तास उभे होतो, दिले. तुम्ही मात्र "खाली असलेली छोटी गाडी" एवढंच सांगा, फोटो पाठवू नका, टोलसकट रेट व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. रॅम्पखाली लाकडी फळ्या लावल्याशिवाय गाडी चढवू देऊ नका, बंपर घासतोच, माझा घासला. पट्टा चाकालाच बांधायला लावा. टो हुक (गाडी ओढायचा हुक) टूलकिटमध्ये असतो, तो कुठे बसतो ते घरीच बघून ठेवा.

आता लोक विचारतात भारी कोणती. सापुतारा घाटात केमन, विषय संपला. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, पण इंजिन सीटच्या मागे आणि वजन कमी, हतगडनंतरच्या वळणांवर मित्र अख्खा वेळ हसत होता (हे मी आदल्या खेपेला त्याच्या शेजारी बसून बघितलंय, या खेपेला मी फ्लॅटबेडच्या केबिनमध्ये होतो). एम२ ला साडेचारशेच्या वर घोडे आहेत, तिसऱ्याच गिअरमध्ये १२० ओलांडते, आणि समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादाच १२०. तिथे काँक्रीटवर रुंद टायरचा आवाज इंजिनपेक्षा जास्त. इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा तेवढा काचा खाली करून जा, सहा सिलिंडर काय गातात तिथे, पैसे वसूल.

पेट्रोल नाशिकमध्येच ९५ ऑक्टेनचं फुल करा. पावसाळ्यात सापुताऱ्याला या गाड्या नेऊच नका, पाणी भरलं की खड्डा आणि डबकं एकच. आणि मागचा एक टायर आधीच मागवून घरी ठेवा, माझ्या साइजचा नाशिकमध्ये एकाही दुकानात मिळाला नाही, गाडी अजून जॅकवर आहे.