सूऱ्य उगवला

वाचताना एखादा शब्द अडला किंवा आवडला की तो अख्ख्या वाक्यासकट एका फाइलमध्ये उतरवून ठेवायची मला सवय आहे. सवय कसली, खोड. अभ्यास समोर पसरलेला असला की ती जास्तच उफाळून येते. फाइल आता बाराशे ओळींची झालीये. चुटपुट, रुखरुख आणि हुरहुर तिथे शेजारीशेजारी बसल्यात. काही करायचं राहून गेलं की चुटपुट, आपलंच चुकलं हे आत टोचत राहिलं की रुखरुख, आणि हुरहुरीला कारणच लागत नाही. (व्याख्या माझ्या, शब्दकोश भांडायला आला तर मी घरी नाही.)

परवा या फाइलसाठी पायथॉन या संगणकाच्या भाषेत शब्द शोधायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जेमतेम दहा ओळी. "दुसऱ्या" शोधून पाहिलं तर चार वाक्यं आली. मला नुसत्या डोळ्यांनी पहिल्याच पानावर सहा दिसत होती. तासभर लूप (एकेक ओळ घेऊन पुन्हा पुन्हा फिरणारा प्रोग्रॅमचा भाग) उलटसुलट तपासला. मग वैतागून एक सापडलेला आणि एक न सापडलेला "दुसऱ्या" उचलला आणि दोघांची लांबी, म्हणजे मशीन त्यांत किती खुणा मोजतं ते, विचारली. एकाची ७, दुसऱ्याची ८.

तुकडे छापले. पहिल्यात द, उकार, स, ऱ, पाय मोडायची खूण, य, काना. झाले सात. दुसऱ्यात ऱ नव्हताच. तिथे साधा र, पाय मोडायची खूण, मग 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि नंतर य न् काना. पडद्यावर दोघांचा तो भुवईसारखा र अगदी जुळ्या भावांसारखा. काही वाक्यं मी फोनवर टाइप केलेली, काही कुठून कुठून चिकटवलेली, त्याचा हा प्रसाद.

शिवाय तिसरा प्रकार निघाला: सरळ रफार देऊन लिहिलेलं "दुसर्या". हे तर चुकीचंच. म्हटलं, एका दगडात सगळे पक्षी मारू, आणि फाइलभर "र्य"च्या जागी "ऱ्य" करून टाकलं.

सूऱ्य उगवला. धैऱ्य खचलं. काऱ्य सिद्धीस गेलं. एका वाक्यात आचार्यांना नमस्कार होता, तो आचाऱ्यांना गेला. मी एकटीच खोलीत खो खो हसले, आणि मग आठवलं की आधीची प्रत ठेवली आहे की नाही ते पाहायला हवं. होती, नशीब.

अदृश्य चिन्हवाले शब्द दोन ओळींच्या नियमाने सुधारले. रफारवाले मात्र हातानेच करावे लागले. "दर्या" दिसला तर तो समुद्र आहे की कुणीतरी चुकीच्या लिहिलेल्या दऱ्या, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. ६१ जागा होत्या. त्यातली निम्मी वाक्यं कधी उतरवली तेही विसरले होते, त्यामुळे सुधारणं कमी आणि वाचणंच जास्त झालं.

गंमत म्हणजे या आठवड्याची असाइनमेंट आहे, शब्द उलटसुलट सारखाच वाचला जातो का ते ओळखा. सोपी आहे, म्हणून मराठी घालून पाहिलं. "कडक" पास. "नवजीवन" नापास! कारण मशीन ज आणि वेलांटी वेगवेगळे मोजतं. उलटं केल्यावर वेलांटी व वर जाऊन बसते आणि "नवीजवन" होतं. "रामाला भाला मारा" उलटं केलं तर पहिलाच काना अनाथ, टिंबांच्या वर्तुळाला टेकून उभा.

मग प्रत्येक अक्षराला त्याच्या काना-मात्रांसकट एक गठ्ठा मानलं आणि गठ्ठे उलटे केले. नवजीवन पास, रामाचा भालाही पास. "चिमा काय कामाची" मात्र काही केल्या होईना. पुन्हा लूप तपासला, पुन्हा गठ्ठे छापले. पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ. लहानपणापासून शंभर वेळा म्हटलं असेल, कधी लक्षातच आलं नव्हतं.