क्युटब्राउझर, नोंद तिसरी: आधी बंद, मग संकेतस्थळ पाहून उघडायचं

स्थिती: क्युटब्राउझर या कळपट्टीवर चालणाऱ्या ब्राउझरची तिसरी मालिका, तो ज्या साधनसंचावर उभा आहे तो क्यूटी ६, लिनक्स. एफने दुवे, ओने पत्ता, शिफ्ट-जे आणि शिफ्ट-केने टॅब, एवढ्या कळा बोटांत बसल्या आहेत. म्हणून ही नोंद फक्त खासगीपणाच्या सेटिंगांची. सेटिंगांची नावं इथे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत जातात, टिंबं जशीच्या तशी.

आधी इंजिन

कुकी-ट्रॅकरच्या मागे लागण्याआधी कोलन देऊन व्हर्जन ही आज्ञा चालवा. त्यात क्यूटी-वेबइंजिनची ओळ शोधा. फ्लोरियान ब्रुहिन यांनी २०१३ च्या डिसेंबरात सुरू केलेला हा ब्राउझर पायथनमध्ये लिहिलेला आहे, पण पान रंगवायचं काम क्यूटी-वेबइंजिन करतं, म्हणजे पोटात क्रोमियमच, क्रोमचा खुला गाभा. क्यूटी ६.६ चं इंजिन क्रोमियम ११२ वर, ६.८ चं १२२ वर उभं आहे. नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या क्यूटीवाले मागून जोडतात, आणि त्या कुठवर आल्या तेही हीच ओळ सांगते. हा आकडा फार मागे असेल तर बाकीच्या सेटिंगांना अर्थ उरत नाही.

डेबियन स्टेबलवर (डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीवर) हे विशेष जपायचं, कारण क्यूटी-वेबइंजिनला तिथे सुरक्षा-दुरुस्त्यांची हमी नाही. डेबियनच्या प्रकाशन-टिपांत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. उपाय असा: क्युटब्राउझरचा गिट साठा (मूळ कोडचा संग्रह) उतरवून घ्या आणि त्यातल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली एमके-व्हेन्व नावाची पायथन फाइल चालवा. ती वेगळ्या आवरणात ताजं पायक्यूटी (पायथनसाठीचं क्यूटी, इंजिनासकट) बसवते. या वाटेने आलेल्या इंजिनात एच-२६४ सारखे मालकी हक्काचे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) नसतात, त्यामुळे बरेच एमपी-४ व्हिडिओ चालणार नाहीत. तेवढे एमपीव्ही या व्हिडिओ-प्लेअरकडे पाठवायची कळ बांधून घ्या.

फाइल, आणि तिच्यातला सापळा

कॉन्फिग-राइट-पाय ही आज्ञा दिली की होम फोल्डरच्या डॉट-कॉन्फिगमध्ये क्युटब्राउझरच्या नावाखाली कॉन्फिग डॉट पाय तयार होते. तिच्यात लोड-ऑटोकॉन्फिगची एक ओळ असते, आणि बहुतेक जण कंसात फॉल्स लिहून मोकळे होतात. इथेच घोळ होतो. चालू ब्राउझरमध्ये कळेने दिलेली कायमची परवानगी ऑटोकॉन्फिग नावाच्या दुसऱ्या फाइलीत जाते. फॉल्स असेल तर पुढच्या खेपेला ती वाचलीच जात नाही, आणि ‘काल उघडलं होतं, आज परत बंद’ असं होतं. कंसात ट्रू द्या आणि ही ओळ सर्वांत वर ठेवा. मग खालच्या ओळी सरसकट नियम ठरवतात, आणि विशिष्ट संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्याही टिकतात. बदल केल्यावर कॉन्फिग-सोर्स दिलं की पुन्हा सुरू करायची गरज सहसा पडत नाही.

जावास्क्रिप्ट

कंटेंट.जावास्क्रिप्ट.इनेबल्ड फॉल्स. मग तीन कळा पाठ करा. टी-एस-एच: जावास्क्रिप्ट या यजमानापुरती (पत्त्यातल्या डोमेनापुरती) चालू, ब्राउझर बंद होईपर्यंत. मधला एस मोठा केला की कायमची. शेवटचा एच मोठा केला की उपडोमेनांसकट. तिन्ही कळा पान आपोआप पुन्हा उघडतात, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम आहे.

मराठी विकिपीडिया जावास्क्रिप्टविना व्यवस्थित वाचता येतो. बातम्यांच्या पानांवर मजकूर बहुधा येतो पण चित्रांच्या जागी पांढरे चौकोन दिसतात, कारण चित्राचा खरा पत्ता स्क्रिप्ट नंतर भरते.

नोस्क्रिप्ट किंवा यूमॅट्रिक्स या स्क्रिप्ट अडवणाऱ्या जोडण्यांकडून आलेल्यांचा एक गैरसमज इथे दूर व्हायला हवा. क्युटब्राउझरमध्ये परवानगी पानाच्या पत्त्याला लागते, स्क्रिप्ट कुठून आली त्याला नाही. एखाद्या बातमीपत्राला टी-एस-एच दिलं की त्या पानावर ओढून आणलेल्या परक्या स्क्रिप्टाही चालू होतात. म्हणून याद्यांची गाळणी हवीच. पायथनचं ॲडब्लॉक हे पॅकेज बसवा, कंटेंट.ब्लॉकिंग.मेथड बोथ ठेवा आणि ॲडब्लॉक-अपडेट एकदा हाताने चालवा. हे ब्रेव्ह ब्राउझरचंच गाळणी-इंजिन आहे आणि ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी या जाहिराती-ट्रॅकरांच्या याद्या आधीपासून जोडलेल्या असतात. पॅकेज नसेल तर फक्त होस्ट-यादी (अडवायच्या यजमानांची नुसती यादी) चालते, जी फार भरड आहे. पॅकेज असूनही विनंत्याच अडतात. पानातले रिकामे जाहिरात-चौकोन लपवायची सोय नाही. ते तसेच राहतील, त्यावरून गाळणी बिघडली असं समजू नका.

कुकी

कंटेंट.कुकीज.ॲक्सेप्ट मुळात ऑल असतं. ते नो-थर्डपार्टी करा, म्हणजे पानाबाहेरच्या परक्या यजमानांच्या कुकी अडतात. अपवाद लिहिताना नमुना पानाच्या पत्त्याला लागतो, कुकी देणाऱ्याला नाही. शिवाय इंजिन तुलनेआधी उपडोमेन आणि पुढचा मार्ग छाटून टाकतं. म्हणून लॉगिन ज्या उपडोमेनावर आहे त्याचा पूर्ण पत्ता लिहिला तर नियम लागूच होत नाही; मूळ डोमेन लिहा. तरीही अडलं तर डीबग स्थितीत, लॉग-कुकीज हा झेंडा (सुरू करतानाचा पर्याय) देऊन सुरू करा. प्रत्येक कुकी डोळ्यांसमोर येते.

पैशाचे व्यवहार वेगळ्या ताटात

तिकीट, वीजबिल, बँक. दुकानाच्या पानावरून पेमेंट गेटवे, तिथून बँकेचं ओटीपीचं पान, आणि परत. दोन-तीन वेगळे यजमान, आणि प्रत्येकाला जावास्क्रिप्ट हवी. मध्येच टी-एस-एच दाबलं तर पान पुन्हा उघडतं, फॉर्मची विनंती दुसऱ्यांदा जाते आणि सत्र तुटतं. पैसे कापले आणि पावती नाही, अशी पाळी यातूनच येऊ शकते. व्यवहाराच्या वाटेवर सेटिंगांना हात लावू नका. क्युटब्राउझर टेम्प-बेसडिर हा पर्याय देऊन वेगळा सुरू करा: कोरी सेटिंगं, जावास्क्रिप्ट चालू, खिडकी बंद केली की कुकींसकट सगळं पुसलं जातं. या नोंदीतली सर्वांत कामाची गोष्ट हीच.

जपून हात लावायच्या गोष्टी

रेफरर (कुठल्या पानावरून आलात ते सांगणारी माहिती) मुळात सेम-डोमेन आहे, तो तसाच ठेवा. नेव्हर केल्यास काही लॉगिन फॉर्म विनंती बनावट समजून नाकारतात. कंटेंट.कॅनव्हस-रीडिंग (पानाने काढलेलं चित्र परत वाचणं) फॉल्स केल्याने ओळख पटवायची एक वाट बंद होते, पण फोटो पानातच कापून चढवायची सोय अनेक ठिकाणी मोडते. वेबआरटीसीचं (ब्राउझरमधल्या थेट ऑडिओ-व्हिडिओ जोडणीचं) धोरण डिफॉल्ट-पब्लिक-इंटरफेस-ओन्ली ठेवलं की घरातल्या जाळ्याचा पत्ता बाहेर जात नाही.

ॲक्सेप्ट-लँग्वेजमध्ये (संकेतस्थळाला पसंतीची भाषा सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) मराठी घालावीशी वाटेल. भाषेवरचं प्रेम समजतं, तरी घालू नका. मुळातलं इंग्रजी मूल्य असंख्य लोकांचं आहे. त्यात मराठी आली की आधीच विरळ असलेला हा ब्राउझर आणखी उठून दिसतो, आणि हे मूल्य प्रत्येक विनंतीबरोबर प्रत्येक संकेतस्थळाला जातं. मराठी विकिपीडियाची भाषा तशीही पत्त्यातूनच ठरते.

देवनागरीत शोध

यूआरएल.सर्चइंजिन्समध्ये टोपणनाव देवनागरीत चालतं. ‘विकी’ या नावापुढे मराठी विकिपीडियाच्या शोधाचा पत्ता आणि शब्दाच्या जागी महिरपी कंसांची जोडी लिहा. रोमन कळपट्टीवर ओ दाबायचं, मग इनस्क्रिप्टवर येऊन ‘विकी तुकाराम’. एस्केपनंतर कळपट्टी रोमनवर आणायला विसरलात तर एफऐवजी ऱ्हस्व वेलांटी जाते आणि दुवे उमटत नाहीत.

आता गळतीची जागा. यूआरएल.ऑटो-सर्च नाईव्ह असताना मधे टिंब असलेला सलग शब्द पत्ता मानला जातो. ‘डॉ.आंबेडकर’ असं जागा न सोडता लिहिलं की शोध होण्याऐवजी त्या नावाची डीएनएस चौकशी (नावावरून यंत्राचा पत्ता विचारणं) बाहेर पडते. टिंबानंतर जागा सोडा, किंवा हे मूल्य स्कीमलेस करा; मग एचटीटीपीएस पुढे लावलेलं तेवढंच पत्ता समजलं जातं, आणि पत्ते पूर्ण लिहायची सवय लावावी लागते. याच सेटिंगचं डीएनएस हे मूल्य मात्र निवडूच नका. त्यात टाइप केलेला मजकूर पत्ता आहे की नाही हे डीएनएसला विचारूनच ठरवलं जातं.

बाकी राहिलेलं: क्युट-पास ही स्क्रिप्ट जोडून पासवर्ड भरणं, आणि बेसडिर (डेटा ठेवायचा वेगळा फोल्डर) वापरून कामाचा व घरचा इतिहास कायमचा वेगळा करणं.